नंबर सापडत नाही

गोवा घटकराज्य झाला तो 1987 च्या मे महिन्यात, आणि मी दहावी पास झालो तोही त्याच साली. आमच्या घरात यातली दुसरी गोष्ट जास्त अनपेक्षित मानली जाते.

तेव्हा निकाल पेपरात यायचा. बाबांनी फोंड्याच्या बसस्टँडवरून ‘गोमन्तक’ आणला, चष्मा पुसला आणि माझा नंबर शोधायला सुरुवात केली ती थेट खालून, पास क्लासपासून. पोटच्या पोरावर एवढा विश्वास! तिथे नंबर नाही म्हटल्यावर त्यांनी पेपराची घडी घातली आणि काही न बोलता परसात मिरच्यांना पाणी घालायला निघून गेले. तासाभराने आईने सुके बांगडे गुंडाळायला तोच पेपर ओढला, तेव्हा तिला मी सेकंड क्लासात दिसलो. टक्के किती, हे कोणी विचारलंच नाही. मुलगा पेपरात आला, बस्स.

यंदा धाकटी दहावीला. मी आधुनिक बाप. “टक्क्यांचं टेन्शन घेऊ नको,” हे तिला दिवसातून चारदा सांगायचो. एकदा वैतागून तीच म्हणाली, “पप्पा, तुम्ही घेऊ नका.” तिला कुठे ठाऊक, कवळ्याच्या शांतादुर्गेला मी गुपचूप नारळ बोलून ठेवलाय, नव्वदच्या वर पडले तर!

निकालादिवशी संध्याकाळी मोबाईल घेऊन बाल्कांवात बसलो. लेक आत मानकुराद आंबा चोखत होती. नंबर टाकला. असा नंबरच नाही!

हातपाय गार. नंबर नाही म्हणजे काय, हे आमच्या पिढीला कोणी समजावून सांगावं लागत नाही. पेपरात निदान खालून वर शोधता यायचं. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. कुंपणापलीकडे शेजारच्या वहिनी तुळशीकडे दिवा लावत होत्या. “कितले पडले रे?” वाऱ्याने दिवा विझला, तरी त्या जागच्या हलेनात.

शेवटी लेक आली. आंब्याचे हात माझ्या लेंग्याला पुसून तिने मोबाईल घेतला.

“पप्पा, हा तीन आहे. तुम्ही आठ टाकताय. चष्मा कुठेय?”

चष्मा डोक्यावर होता.

अठ्ठ्याहत्तर टक्के. “बरे पडले,” म्हणत ती उरलेल्या बाठ्याकडे वळली. मी मात्र ऐंशीला दोन कमी, नव्वदला बारा कमी, अशी वजाबाकी करत बसलो. (मला स्वतःला गणितात किती होते, ते जाऊ दे.)

रात्री आईला नारळाचं विचारलं. आता द्यावा लागतो की नाही?

“देवीकडे काय बोललेलास? पास की टक्के?”

“टक्के.”

“मग नाही लागत.” ती जपमाळ ओढत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “तुझ्या वेळी मी एकच बोललेले, नुसता पास झालास तर. तुझे बाबा पाच घेऊन गेले.”

“तेव्हा नारळ स्वस्त होते,” मी म्हणालो आणि चष्मा शोधायला लागलो.