सहा पायांचा अपमान

अलास्कातील जूनो येथे आमच्या सहलीची बोट थांबली असता मी हौसेने किंग क्रॅबचे पाय मागवले, आणि त्याला आठ दिवस उलटूनही माझ्या अंगठ्याची ठणक व मनाची जळजळ थांबलेली नाही. हे पाय कारखान्यातच उकडून गोठवलेले असतात; उपाहारगृह ते केवळ गरम करते आणि खरे कष्ट गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालते. मला अडकित्त्याच्या थोरल्या भावासारखे एक हत्यार देण्यात आले. कवचावर काटे असे की पाय धरावा कुठे हेच कळेना, आणि दाबल्यावर ते फुटण्याऐवजी ओल्या पुठ्ठ्यासारखे नुसते वाकत होते.

समोर सहलीतलेच एक निवृत्त प्राध्यापक बसले होते. विषय, माझ्या दुर्दैवाने, प्राणिशास्त्र.

"हा खेकडाच नव्हे," ते म्हणाले.

"अहो सर, मेनूवर तसे छापले आहे."

"मेनूचे सोडा, पाय मोजा. खऱ्या खेकड्याला चालण्याच्या पायांचे चार जोड असतात. याचे तीनच दिसतात. चौथा इवलासा, कवचाखाली कल्ल्यांपाशी दडवलेला. शंखात बिऱ्हाड करणाऱ्या हर्मिट खेकड्यांचा हा नातलग."

मोजण्यासाठी माझ्यापुढे अख्खा प्राणी नव्हता. दोन पाय होते, आणि त्यांचे पैसे काट्याकवचासकट वजनावर लावलेले होते.

"द्या इकडे, दाखवतो," असे म्हणून सरांनी कात्री मागवली, पायाची मऊ बाजू सरळ उभी चिरली आणि सर्वांत जाड पेरातील मांस, वर लाल, आत पांढरेशुभ्र, न तुटता अखंड बाहेर काढले. "तंतू बघा कसे लांब आहेत," असे म्हणत त्यांनी ते लोण्यात बुडवून खाल्लेही. मग, तोंड भरलेले असतानाच, 2022 साली बेरिंग समुद्रातील स्नो क्रॅबचा हंगाम इतिहासात प्रथमच बंद ठेवावा लागल्याचे सांगितले: पाणी तापले, खेकड्यांची भूक वाढली, अन्न पुरेना आणि अब्जावधी खेकडे उपासमारीने मेले. त्या क्षणी उपासमारीविषयी माझ्याशी बोलण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला होता, हे मला अजून उमगलेले नाही.

रात्री बोटीवरच्या सॅलडमध्ये खेकड्याच्या तांबूस कांड्या दिसल्या. ना काटे, ना कवच, ना कात्री. मी पहिली कांडी तोंडाशी नेली, तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "पोलॉक. तो मासा आहे."