लॉल्थचं राज्य आणि बळीचं राज्य

ज्यांना ड्राऊ म्हणजे काय हे माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद खुशाल सोडून पुढे जावं. बाकीच्यांसाठी: 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ. त्यातल्या जगात जमिनीवर उंच, देखणे, सुसंस्कृत वगैरे एल्फ राहतात. आणि जमिनीखाली, अंडरडार्क नावाच्या न संपणाऱ्या गुहांमध्ये, त्यांचे काळ्या कातडीचे आणि पांढऱ्या केसांचे भाऊबंद राहतात. ते ड्राऊ. त्यांची देवी लॉल्थ, कोळ्यांची राणी. कामधंदा म्हणजे विष, गुलाम, कट आणि नरबळी. या खेळाच्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांनी १९७७ च्या राक्षसांच्या पुस्तकात त्यांचा ओझरता उल्लेख केला, १९७८ च्या साहसकथांत त्यांना प्रत्यक्ष मैदानात आणलं, आणि तेव्हापासून ही मंडळी या खेळातली सगळ्यांत लाडकी दुष्ट जमात आहे.

लाडकी आणि दुष्ट. भांडण इथेच सुरू होतं.

जून २०२० मध्ये खेळाची मालक कंपनी, विझर्ड्स ऑफ द कोस्ट, हिने जाहीर केलं की ओर्क (खेळातली आणखी एक 'दुष्ट' जमात) आणि ड्राऊ यांना सरसकट राक्षसी आणि दुष्ट रंगवणं बरोबर नव्हतं. २०२४ च्या नियमपुस्तकात 'रेस' जाऊन 'स्पीशीज' आलं. २०२५ मध्ये राक्षसांचं नवं पुस्तक आलं, त्यात ड्राऊंच्या स्वतंत्र नोंदीच नाहीत. लागलेच तर पुजारी, मारेकरी वगैरे सर्वसाधारण पात्रं घ्या आणि त्यांना ड्राऊ म्हणा. यावर दोन तट पडले. एक म्हणतो, अहो खेळ आहे, कुणाला तरी बिनधास्त मारता आलं पाहिजे की नाही? दुसरा म्हणतो, ड्राऊ बिचारे गैरसमजाचे बळी आहेत. आमच्या कोथरूडच्या टेबलावरही हे दोन्ही तट आहेत. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारी आणि गोष्ट सांगणारी, असल्यामुळे दोघांची बाजू ऐकून घेणं माझं काम आहे. पण ही भिंत माझी आहे, तेव्हा इथे माझंच चालणार.

पहिल्या तटाला आधी घेते. 'जन्मतःच दुष्ट जमात' ही कल्पना तुम्हाला परीकथेतली वाटते? आपल्याकडे ती सरकारी कागदावर होती. १८७१ साली ब्रिटिशांनी क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट केला आणि अख्ख्याच्या अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं. पोरगं पाळण्यात असतानाच गुन्हेगार. पोलिसांकडे हजेरी लावायची, परवानगीशिवाय गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही. सोलापुरात अशा लोकांची तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. हा कायदा रद्द झाला १९५२ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाल्यावर. आणि कायदा गेला म्हणून नजर गेली का, हे एखाद्या पारधी कुटुंबाला विचारा. कुठे चोरी झाली की आधी कुणाच्या पालावर धाड पडते ते ते सांगतील. तेव्हा कोणी मला म्हणालं की 'ताई, ड्राऊ आहे ना, मग विचार काय करायचा', तर मला ते वाक्य खेळातलं वाटत नाही. हे वाक्य मी ऐकलेलं आहे, आणि ते बोलणारे लोक फासे टाकत नव्हते.

काळ्या रंगाचंही असंच. खरं तर अंधारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला जीव फिका पडतो. केरळातल्या विहिरींमध्ये, जमिनीखालच्या पाण्यात, होराग्लॅनिस नावाचा मासा सापडतो. डोळे नाहीत आणि अंग फिकट गुलाबी. निसर्गाच्या हिशेबाने ड्राऊ पांढरेफटक असायला हवे होते. ते काळे झाले कारण तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहिल्या गेलेल्या नॉर्स पुराणात जमिनीखालचे एल्फ डांबराहून काळे आहेत, आणि वरचे एल्फ सूर्याहून तेजस्वी. वर ते उजळ, खाली ते काळं, आणि काळं ते वाईट. पंढरपूरच्या काळ्यासावळ्यापुढे डोकं टेकवणाऱ्यांनी हे निमूट मानून का घ्यावं, ते मला कळत नाही. (आपण लग्नाच्या जाहिरातीत काय मागतो ते मला माहीत आहे. कमेंटमध्ये सांगू नका.)

आणि पाताळ! विष्णुपुराणात नारद पाताळ फिरून येतात आणि स्वर्गातल्या सभेत सांगतात की पाताळ इंद्राच्या स्वर्गाहून सुंदर आहे. तिथे सूर्य उजेड देतो पण चटका देत नाही, चंद्र चांदणं देतो पण गारठा देत नाही. आता विचार करा, इंद्रासमोर हे बोलायला काय हिंमत लागली असेल. आमच्या शेजारच्या पेठांमधला गृहस्थच तो.

त्या पाताळात कोण राहतं? बळी. असुर, प्रल्हादाचा नातू, वामनाने डोक्यावर पाय ठेवून खाली ढकललेला. गोष्ट जिंकणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली आहे, तीन पावलांचं कौतुक आहे, सगळं आहे. तरीही पाडव्याला ओवाळताना आपल्या आया-आज्या काय म्हणत आल्या? 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.' वामनाचं राज्य येवो असं म्हणणारी बाई मला आजवर भेटलेली नाही. पुराण काहीही सांगो, ओवाळणाऱ्या बाईने आपलं मत खाली राहणाऱ्याच्या पारड्यात टाकून ठेवलंय.

त्याच मताला जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त तर्काची धार लावली. बळी हा इथल्या कष्टकऱ्यांचा न्यायी राजा; खंडोबा, जोतिबा, म्हसोबा हे त्याच्या राज्यातले अधिकारी; आणि ज्यांना राक्षस म्हटलं गेलं ते हरलेले लोक. त्यांचा इतिहास म्हणून प्रत्येक तपशील पटो न पटो, पण त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: हा दुष्ट आहे असं सांगतंय कोण, आणि सांगणाऱ्याने त्याच्याकडून काय घेतलंय? हे पुण्यात, फुले राहत त्या गंज पेठेपासून फार लांब नसलेल्या घरांमध्ये बसून खेळणाऱ्या आम्हाला अमेरिकेतल्या कंपनीने २०२० मध्ये शिकवायची गरज नव्हती. दीडशे वर्षं आधीच धडा छापून आला होता.

इथवर वाचून दुसरा तट टाळ्या वाजवत असेल. थांबा.

मला ड्राऊ दुष्टच हवेत.

कारण त्यांचं शहर. मेन्झोबेरान्झन. ज्याने कोणी हे शहर नीट वाचलंय त्याला कळेल की तिथला दुष्टपणा कातडीत नाही, कारभारात आहे, आणि तो कारभार भयंकर बारकाईने बसवलेला आहे. आठ मोठ्या घराण्यांच्या आठ कुलमाता शहर चालवतात. एका घराण्याने दुसऱ्यावर हल्ला केला तर काय शिक्षा? काहीही नाही, जर समोरच्या घराण्यातला एकही सरदारपुत्र किंवा कन्या साक्ष द्यायला जिवंत उरली नसेल तर. सगळे मेले की मग ते घराणं जणू कधी नव्हतंच. पण एक जरी वाचला आणि त्याने तक्रार केली, की हल्ला करणाऱ्याचा समूळ नाश. म्हणजे गुन्हा खुनाचा नाहीच. गुन्हा अर्धवट कामाचा. हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून खिडकीतून बाहेर बघत बसले होते, कारण सूर्यप्रकाशातही कितीतरी कामं याच नियमाने होतात.

घराण्यात तिसरा मुलगा जन्मला की लॉल्थला बळी. शहरात एक प्रचंड दगडी खांब आहे, नार्बोन्डेल. रोज शहराचा सर्वश्रेष्ठ जादूगार त्याच्या पायथ्याशी उष्णता पेटवतो, ती हळूहळू वर चढते, आणि अंधारात उष्णता 'बघू' शकणारे ड्राऊ त्यावरून वेळ ओळखतात. श्रेष्ठ जादूगार असला तरी तो पुरुष, म्हणून रोजचं काम काय, तर घड्याळाला चावी देणं. लॉल्थच्या परीक्षेत जो नापास होतो त्याचं धड ड्राऊचं आणि खाली कोळ्याचं अंग करून शहराबाहेर हाकलतात. आणि शाळा? तीन आहेत, योद्ध्यांची, जादूगारांची, पुजारणींची. त्यांत काय शिकवतात? की जमिनीवरचे एल्फ ही जन्मतः कपटी, क्रूर जमात आहे आणि त्यांनीच आपल्याला उजेडातून हाकललं.

हे मला फार आवडतं. दुष्ट जमातीच्या पाठ्यपुस्तकातही एक दुष्ट जमात आहे.

आता बायकांचं राज्य. याबद्दल माझ्या टेबलावरची मुलं फार कळवळतात. ड्राऊ पुरुषाने वरिष्ठ बाईसमोर परवानगीशिवाय बोलायचं नाही, नजर वर करायची नाही, बाईच्या हातात सापांचा चाबूक. 'ताई, हा अन्याय आहे!' अरे बाबा, चिन्ह उलटं कर आणि तुझ्या खापरपणजीला विचार. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन पुरुषांना भीती वाटावी म्हणून 'बायका सत्तेवर' ही युक्ती वापरली गेली असेल, असा मला दाट संशय आहे. आपल्याकडेही स्त्रीराज्य म्हणजे मच्छिंद्रनाथ अडकण्याची जागा, आणि मग 'चलो मच्छिंदर, गोरख आया'. पण ते सोडलं तर उरतं ते चित्र मला उपयोगाचं वाटतं. ते बायकांचं नाही, सत्तेचं आहे. सत्ता कोणाच्याही हातात द्या, वर लॉल्थ बसलेली असेल तर आई मुलीवर पाळत ठेवणारच.

लॉल्थला सुखी समाज नकोच असतो, हे नीट लक्षात घ्या. सगळे एकमेकांना घाबरत असतील तरच ती टिकते. म्हणून मी तिला देवी न समजता सरकार समजते.

ड्रिझ्टबद्दल न लिहून चालणार नाही. आर. ए. साल्व्हाटोर यांच्या कादंबऱ्यांमधला हा ड्राऊ नायक १९८८ मध्ये आला, १९९० मध्ये त्याच्या बालपणाची गोष्ट आली, आणि त्यानंतर दर दुसऱ्या टेबलावर एक जण दोन तलवारी घेतलेला, दुःखी, चांगला ड्राऊ घेऊन बसायला लागला. तो तिसरा मुलगा होता. जन्माच्याच वेळी एका भावाने दुसऱ्याला भोसकलं, मोजणी बदलली, म्हणून वाचला. जमिनीवरच्या पहिल्या हल्ल्यात त्याने एका एल्फ पोरीला वाचवलं. तो प्रसंग चांगला आहे, नाकारत नाही. पण तो एकटाच चांगला असल्यामुळे बाकीच्यांचं दुष्ट असणं उलट पक्कं होतं. 'अय्या, तू त्यांच्यातली वाटत नाहीस!' हे वाक्य पुण्यात किती गोड आवाजात बोललं जातं ते ज्यांना ऐकावं लागलंय त्यांना विचारा. ड्रिझ्टची सगळी लोकप्रियता त्या एका वाक्यावर उभी आहे. तो त्यांच्यातला वाटत नाही.

मला त्यांच्यातलाच वाटणारा हवा होता.

म्हणून आमच्या मोहिमेत मी एक पोरगा आणला. सीमेवरचा पहारेकरी, वयाने कोवळा, हातात विष लावलेला छोटा धनुष्यबाण. मंडळींनी त्याला पकडलं. भाचा म्हणाला, 'मावशी, अलाइनमेंट काय त्याची?' (म्हणजे पात्र चांगलं की दुष्ट, हे सांगणारा खेळातला शिक्का.) मी म्हटलं, कपाळावर लिहिलेली नाही, विचार त्याला. मग अख्खी संध्याकाळ चौकशीत गेली, लढाई झालीच नाही. पोरगा एल्फांना शिव्या देत होता, शाळेत पाठ केलेल्या. गुलामांबद्दल त्याला जराही वाईट वाटत नव्हतं; हे मी मुद्दाम ठेवलं, कारण नाहीतर सोपं झालं असतं. तो खरा घाबरत होता ते मोठ्या बहिणीला. तिने वाढवलेला, तिचाच चाबूक खाल्लेला. सोडून दिलं तर घरी जाऊन तो काय सांगणार? पकडला गेलो? त्या शहरात तेवढ्यावर माणूस संपतो. भाच्याची मैत्रीण, जी एरवी मोबाइल खाली ठेवत नाही, ती म्हणाली, 'म्हणजे आपण त्याला सोडणं हीसुद्धा शिक्षाच.' त्यानंतर चहा गार झाला तरी कोणी उठलं नाही.

नवीन पुस्तकाने ड्राऊंची नोंद काढून टाकली याचा मला राग येतो तो यासाठी. ड्राऊ जन्मतः दुष्ट, हे खोडा, जरूर खोडा. पण त्याबरोबर कायदा, शाळा, खांबावरचं घड्याळ, तिसरा मुलगा हे सगळं पुसट झालं, तर त्या पोराला सोडवायचं कशातून? ज्या घरावर दोष नाही त्या घरातून पळून जाण्यात गोष्ट कसली? पुजारी आणि मारेकरी कुठेही मिळतात. ते याच शहरात असे का घडतात, ते सांगणारं पान मला हवं आहे.

'ड्राऊ फक्त गैरसमजाचे बळी' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की त्या शहरातले गुलाम गैरसमजाने गुलाम झालेले नाहीत. त्यांच्या बाजूनेही कोणीतरी बसा ना टेबलावर.

सध्या परिस्थिती अशी आहे. भाच्याला आठांपैकी सहाव्या घराण्याला फितवून सत्ता उलथवायची आहे. त्याच्या मैत्रिणीला एलिस्ट्रे हवी आहे, म्हणजे लॉल्थचीच मुलगी, चांदण्यात नाचणारी, ड्राऊंना परत वर बोलावणारी. सर्वांत शांत बसणारे आमचे बँकेतून निवृत्त झालेले काका, त्यांनी परवा वही काढून विचारलं, गुलामांची संख्या किती, ड्राऊंची किती, आणि अन्न कुठल्या वाटेने येतं. ते ऐकून मी घरी येऊन पुढच्या रविवारची सगळी तयारी फाडून टाकली आणि शहराच्या धान्याच्या, म्हणजे अळंबीच्या, वखारींचा नकाशा काढायला बसले आहे. कोणाला अळंबीची शेती नीट माहीत असेल तर मेसेज करा.