साडेचारशेचं स्टिकर आणि दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. "मामा, हे वाच. उगाच तीन हजार घालवणार होतो." खाली फॉरवर्ड. मथळा, 'गेमिंग पीसीच्या नावाखाली ब्रँडेड एसएमपीएसची लूट'. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला वीज पुरवणारा डबा, पॉवर सप्लाय. मग सात मुद्दे, हात जोडलेले इमोजी आणि 'गरजू मुलांपर्यंत पोहोचवा'. सकाळी तोच मेसेज ताईने पाठवला, "खरंय का रे? तेवढेच पैसे वाचतील." दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला, तेव्हा म्हटलं, आता लिहूनच टाकू.

भाच्याकडे जुना आय५-४५९० प्रोसेसर आहे. सुट्टीत कामं करून जमवलेल्या पैशांतून त्याने वापरलेलं जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड घेतलंय. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेलाच, वर ठळक अक्षरांत ४५०.

मेसेजचा पहिला मुद्दा: 'वॉट म्हणजे वॉट. आठशेचा ४५० आणि तीन हजारांचा ४५०, फरक फक्त नावाचा.'

भाच्याला म्हटलं, कॅबिनेट उघड आणि लेबलचा फोटो पाठव. पाठवला. १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर, ५ व्होल्टपुढे २०, ३.३ व्होल्टपुढे १८. गुणाकार चौथीतला पोरगाही करेल: १६८, १०० आणि साधारण ५९. कंपनीने स्वतःच छापलेले आकडे, सगळे एकदम मिळतात असं समजून बेरीज केली तरी ३२७ होते. मग ४५० कुठून आले? नीट बघितलं तर त्या ४५० पुढे 'वॉट' लिहिलेलंच नाही. तो मॉडेल नंबर आहे! खोटं बोलल्याचा आरोपही करता येत नाही, इतकं हुशारीचं काम.

आणि त्या ३२७ लाही अर्थ नाही. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. १६६० सुपरचे १२५ वॉट, आय५-४५९० चे ८४, झाले २०९. लाइन १६८ ची. मदरबोर्ड, पंखे, हार्ड डिस्क अजून मोजलेच नाहीत. ५ व्होल्टवर पडून असलेले शंभर वॉट या कार्डाच्या काही कामाचे नाहीत. धड बनवलेल्या ४५० वॉटच्या सप्लायवर १२ व्होल्टपुढे ३६-३७ अँपिअर लिहिलेले असतात, म्हणजे जवळजवळ सगळे वॉट जिथे हवेत तिथे.

'माझं दोन वर्षं मस्त चाललंय', असा पुरावाही मेसेजमध्ये आहे. लिहिणाऱ्याचं कार्ड? जीटीएक्स १६५०. ७५ वॉटचं कार्ड, ज्याची बरीच मॉडेल्स वेगळी वायर न लावता मदरबोर्डवरच्या स्लॉटमधूनच भागवतात. चालणारच की!

आता चौथा मुद्दा, ज्याच्यामुळे माझी झोप गेली. 'कार्डाला आठ पिनांची वायर नाही? साटाचा कन्व्हर्टर लावा, दीडशे रुपयांत काम.' भाच्याने तो ऑर्डरसुद्धा केला होता.

साटा प्लग हार्ड डिस्कसाठी बनवलाय, कन्व्हर्टर त्याला कार्डाच्या आठ पिनांच्या प्लगशी जोडतो. त्यात १२ व्होल्टचे तीन पिन, प्रत्येकी दीड अँपिअरचे. म्हणजे अख्खा प्लग साडेचार अँपिअर, ५४ वॉट. आठ पिनांचा प्लग १५० वॉट देतो असं कार्ड धरून चालतं, कारण त्यातले जास्तीचे दोन पिन कार्डाला तेच सांगण्यासाठी असतात. कन्व्हर्टर हे दोन पिन गुपचूप जोडून मोकळा होतो. थोडक्यात, ५४ वॉटचा माणूस १५० वॉटचं ओळखपत्र लावून दारात उभा. कार्ड थोडी वीज स्लॉटमधूनही घेतं, हे मान्य. तरी गेम सुरू झाल्यावर उरलेला भार त्या इवल्याशा पिनांवरच येतो. प्रवाह दुप्पट झाला की सांध्यावरची उष्णता चौपट होते, आणि सैल, स्वस्त पिनांत ती आणखी वाढते.

'काही झालंच तर एसएमपीएस बंद पडेल ना', असं भाचा म्हणाला. नाही पडणार बाबा. त्या एका प्लगमधले सात-आठ अँपिअर म्हणजे एसएमपीएसच्या दृष्टीने नेहमीचा भार. शॉर्ट झालेला नाही, मर्यादा ओलांडलेली नाही, तो कशाला बंद पडेल? मधल्या मध्ये प्लग वितळतो. महागातला सप्लाय घेऊन त्याला हा कन्व्हर्टर लावला तरी हेच होणार. मी असा एक प्लग हातात घेतलाय, ओळखीतल्या एका मुलाचा. पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन एकमेकांत चिकटलेलं, खोलीत दोन दिवस वास. कार्ड नशिबाने वाचलं. दोन साटा प्लगवाला कन्व्हर्टर मिळतो तो बरा, असंही ऐकतो. पण ते दोन्ही प्लग बहुतेकदा एसएमपीएसमधून येणाऱ्या एकाच वायरवर असतात, मग सगळा भार त्या एकाच वायरवर येतो.

बाकीचे मुद्दे पटापट.

'एटी प्लस हे नुसतं मार्केटिंग.' एटी प्लस म्हणजे सप्लायवरचा ब्राँझ, गोल्ड वगैरे शिक्का. इथे मला नाइलाजाने अर्धी मान डोलवावी लागते. त्या शिक्क्यासाठी मुख्यतः कार्यक्षमता मोजतात, भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती आत पोहोचते ते. व्होल्टेज किती स्थिर आहे, संरक्षण आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. ब्राँझचा शिक्का असलेला सुमार सप्लाय असू शकतो. आणि साध्या कार्डासाठी ७५० वॉटचा गोल्ड गळ्यात मारणारे दुकानदार आहेतच. तिथे 'लूट' हा शब्द मलाही मान्य.

मग दर्जा बघायचा कशावर? इंटेलने डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायसाठी एटीएक्स डिझाइन गाइड काढलंय, नेटवर फुकट आहे. त्याच्या ३.० पूर्वीच्या आवृत्त्यांत १२ व्होल्टला पाच टक्के इकडेतिकडे चालायचं, म्हणजे ११.४ ते १२.६. वरची थरथर, ज्याला रिपल म्हणतात, ती १२० मिलिव्होल्टच्या आत. आउटपुट शॉर्ट झालं तर सप्लायने स्वतःहून बंद झालं पाहिजे. चांगल्या परीक्षणांत हेच मोजून दाखवतात. ज्या डब्यावर कंपनीचं धड नावही नाही, त्याचं परीक्षण शोधून बघा.

'जास्त वॉटचा घेतला की बिल वाढतं.' अजिबात नाही. मशिन मागेल तेवढीच वीज ओढली जाते. उलट हिशोब करा. आत २५० वॉट लागत असतील, तर ८५ टक्केवाला भिंतीतून २९४ घेतो आणि ७० टक्केवाला ३५७. रोज चार तास खेळलं तर महिन्याला साडेसात युनिटचा फरक. फार नाही, पण स्वस्तवाल्याच्याच खात्यावर चढतो.

'यूपीएस असेल तर एसएमपीएस कोणताही चालतो.' यूपीएस भिंतीकडची बाजू सांभाळतो. कार्डाला जाणारे १२ व्होल्ट एसएमपीएसच तयार करतो.

'जड तो चांगला.' जुन्या प्रकारच्या सप्लायमध्ये नुसतं लोखंडी कॉइलचं वजन असायचं. पुढे.

'कोणताही एसएमपीएस कोणत्याही मशिनला बसतो.' ऑफिसांतून निघालेलं मशिन घेतलं असेल तर आधी झाकण काढा. त्यातल्या कित्येकांत मदरबोर्डला नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टरच नसतो, नवा सप्लाय आणून परत करायची वेळ येते. भाच्याचा बोर्ड साधा आहे, हे एक बरं.

त्याला सांगितलं ते एवढंच: ४५० ते ५५० वॉटचा, लेबलवर १२ व्होल्टपुढे ३५ च्या वर अँपिअर, कार्डासाठी सहा अधिक दोन, म्हणजे आठ पिनांची वायर सप्लायमधूनच आलेली, आणि वॉरंटीचं बिल. तीन हजारांच्या आसपास मिळतो. तोपर्यंत कार्ड खोक्यात ठेव, प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर अभ्यास कर.

कन्व्हर्टर कुरिअरने निघालाय म्हणे, परत घेत नाहीत. आला की इकडे घेऊन ये, दीडशे रुपये मी देतो. पक्कड माझ्याकडे आहे.