मालिकेतला अपघात आणि रात्री दोनची कूस

कौटुंबिक मालिकेत अपघाताचा ट्रॅक आला की पुढचं सगळं प्रेक्षकांना पाठ असतं. डोक्याला पांढरी पट्टी, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, पलंगाभोवती अख्खं घर. काही आठवडे बेशुद्धी, मग एके दिवशी पायाचा अंगठा हलतो, संगीत चढतं आणि महिनाभरात तोच माणूस स्वतःच्या पायांनी जिना उतरतो. मधल्या काळात घरात जी भांडणं होतात ती मालमत्तेवरून. माझं म्हणणं एवढंच की गंभीर दुखापतीनंतर घरात रोज जे करावं लागतं, त्यात कुठल्याही कारस्थानापेक्षा जास्त नाट्य आहे. आणि नेमकं तेच कापलं जातं.

आधी त्या अंगठ्याबद्दल. पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूला जबर मार बसला की दुखापतीच्या खालचा भाग काही दिवस, कधी काही आठवडे, पूर्ण ढिला पडतो. याला स्पायनल शॉक म्हणतात. तो ओसरला की रिफ्लेक्स, म्हणजे आपोआप होणाऱ्या हालचाली, परत येतात, आणि बऱ्याचदा पूर्वीपेक्षा जोरात. चादर ओढली, तळव्याला हात लागला, मूत्राशय भरलं की पाय आपोआप उडतो, गुडघा वर येतो, अंगठा वळतो. त्याला मेंदूची आज्ञा लागत नाही. घरच्यांना मात्र वाटतं, चालायला लागणार! खरं-खोटं ओळखायची रीत साधी आहे. पायाला अजिबात स्पर्श न करता ‘अंगठा वर कर’ म्हणायचं, मग ‘थांब’, मग पुन्हा ‘वर कर’. दर वेळी सांगितल्याबरोबर हलला आणि थांबला, तरच ती त्याची स्वतःची हालचाल. आई मोबाईलवर व्हिडिओ काढून आनंदाने दाखवतेय आणि डॉक्टर तिच्यासमोर शांतपणे ही तपासणी करताहेत, हा प्रसंग लिहून पाहा. त्याला पार्श्वसंगीत लागणारच नाही.

डोक्याच्या दुखापतीचीही तीच गत. 1974 साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी कोमा मोजायची जी पद्धत दिली, तिच्यात कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 15 गुण असतात; 8 किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. हे गुण हळूहळू चढतात. डोळे उघडले म्हणजे भान आलं असं नाही. भान येतं तेव्हाही बरेच रुग्ण आधी गोंधळलेले असतात, नळ्या ओढतात, पलंगावरून उतरू पाहतात, आयुष्यात कधी दिली नाही अशी शिवी आईला देतात, दहा मिनिटांपूर्वीचा प्रश्न पुन्हा विचारतात. मेंदूचा पुढचा भाग दुखावला असेल तर तडकाफडकी राग आणि कशाचाच पोच नसणं पुढेही टिकू शकतं. बायकोला वाटतं, माणूसच बदलला. अशा वेळी खोलीत एक-दोनच माणसं हवीत, टीव्ही बंद, एका वेळी एकानेच आणि छोट्या वाक्यांत बोलायचं. मालिकेत नेमके पंधरा जण एकदम रडत असतात.

आणि डोळे उघडताच आडव्या माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी घालणारी ती आई! लेखकांनो, हा सीन कृपया काढा. मेंदूला मार लागल्यावर गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. पातळ पाणी सगळ्यांत वेगाने घशात उतरतं, म्हणून तेच श्वासनलिकेत शिरण्याचा धोका जास्त. खोकला येईलच असंही नाही. काही रुग्णांत गुपचूप फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. आधी गिळण्याची तपासणी, मग सरळ ताठ बसवून, छोटे घास, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही.

पण खरी गोष्ट सुरू होते डिस्चार्जनंतर. मालिका इथेच ‘तीन महिन्यांनंतर’ अशी पाटी टाकते.

ज्याला कमरेखाली कळतच नाही, त्याला झोपेत कूस बदलायची जाणीव होत नाही. हाडाखालची कातडी दबून राहिली की रक्त पोचत नाही आणि जखम आतून सुरू होते. हाच बेडसोअर. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस. 1944 साली लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला मज्जारज्जूच्या जखमींसाठी विभाग सुरू केला, तेव्हा रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस हा तिथला कडक नियम होता. त्याआधी असे जखमी मूत्रमार्गाच्या संसर्गाने किंवा बेडसोअरने जायचे. पॅरालिम्पिकची सुरुवातही याच रुग्णालयाच्या अंगणातल्या 1948 च्या स्पर्धांपासून मानतात.

आता हे घरात आणून बघा. रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा. कोण उठणार? दोघं भाऊ असतील तर वाटणी काय? दोनचा गजर लागूनही जो झोपल्याचं सोंग करतो, त्याच्याबद्दल प्रेक्षकाला वेगळं काही सांगावं लागत नाही. आणि कूस म्हणजे नुसतं ढकलणं नव्हे. अंगाखालच्या आडव्या चादरीने दोघांनी उचलून सरकवायचं, कारण फरफटत नेलं तर कातडी सोलवटते. पाठीमागे उशी लावून अंग तीसेक अंशात कलतं ठेवायचं. पूर्ण कुशीवर टाकलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटऱ्यांखाली एक, टाचा अधांतरी. चादरीची सुरकुती राहू द्यायची नाही. मग टॉर्चने माकडहाड, खुबे, टाचा बघायच्या. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा; दाबल्यावर फिका पडला नाही तर इजा सुरू झालीय, रंग पूर्ववत होईपर्यंत त्या बाजूवर भार नाही. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हाताने बघायचं: जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का. मधे भोक असलेली रबरी रिंग कोणीतरी हौसेने आणून देतंच. ती वापरू नये. तिच्या कडांचा दाब भोकाभोवतीचा रक्तपुरवठा अडवतो.

हे किती गंभीर आहे त्याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण क्रिस्टोफर रीव्हचं. सुपरमॅनची भूमिका करणारा हा अभिनेता 1995 साली घोड्यावरून पडला, मानेखाली सगळं गेलं. उत्तम शुश्रूषा असूनही 2004 साली तो गेला तेव्हा त्याच्यावर चिघळलेल्या बेडसोअरचे उपचार चालू होते.

थरारच हवा असेल तर तोही आहे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर दुखापत असेल तर खाली कुठेही त्रास झाला की रक्तदाब अचानक भडकू शकतो. डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. घरचे घाबरून त्याला आडवं करतात, आणि तीच चूक. ताबडतोब बसतं करायचं, पाय खाली सोडायचे, घट्ट कपडे, पट्टे सैल करायचे आणि कॅथेटरची, म्हणजे लघवीची, नळी बघायची. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं: नळीला पीळ बसलाय, कोणी तिच्यावर बसलंय, पिशवी तुडुंब आहे. नाहीतर पोट साफ झालेलं नसतं. कारण सापडलं नाही किंवा दाब उतरला नाही तर लगेच हॉस्पिटल, कारण मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. एका पिळलेल्या नळीने पूर्ण एपिसोड उभा राहील.

मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा बारकावा हाताचा आहे. मानेच्या सहाव्या पातळीला दुखापत झालेल्या माणसाची बोटं स्वतःहून मिटत नाहीत, पण मनगट वर उचलता येतं. मनगट वर गेलं की बोटांचे स्नायुबंध ताणले जाऊन बोटं आपोआप वळतात, अंगठा तर्जनीला टेकतो. एवढ्या पकडीवर तो चमचा धरतो, कप उचलतो. पण त्यासाठी ते स्नायुबंध थोडे आखूड राहायला हवेत. घरातलं कोणीतरी मायेने रोज मनगट मागे वाकवून त्याच वेळी बोटंही सरळ ताणत मालिश करतं, आणि ती पकड कायमची सैल होते. योग्य क्रम असा: बोटं सरळ करायची तर मनगट खाली झुकलेलं हवं, मनगट वर घ्यायचं तर बोटं मिटलेली हवीत. प्रेमाने केलेल्या गोष्टीने नुकसान होतंय, आणि फिजिओथेरपिस्टला हे त्या आईला सांगायचंय, असा संवाद एकाही मालिकेत माझ्या पाहण्यात नाही.

निर्मात्यांना हे महागात पडत नाही. एक अनुभवी फिजिओथेरपिस्ट आणि प्रत्यक्ष व्हीलचेअर वापरणारा एक सल्लागार सेटवर बसवा. व्हीलचेअर अभिनेत्याच्या मापाची घ्या, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधली ढकलगाडी नको. गादीशिवाय तर मुळीच नको. पलंगावरून खुर्चीत जाण्याचा सराव करून घ्या: खुर्ची पलंगाशी तिरकी, ब्रेक लावलेले, खुर्चीचा पलंगाकडचा हात आणि पायटे काढलेले, मधे घसरून सरकायची फळी, अंग पुढे झुकलेलं. हा शॉट न कापता, पूर्ण लांबीचा दाखवा, आणि त्या वेळात पलंगापाशी उभ्या असलेल्या बायकोला मदतीला हात पुढे करू देऊ नका.