नकार ग्रहांकडून कळवावा

मुलगा लग्नाचा झालाय, स्थळं सांगून यायला लागलीत, आणि तुमच्या मनात असं आहे की मुलगी पसंत नसेल तर तिच्या वडिलांना सरळ फोन करून 'आम्हाला नाही जमणार' म्हणून सांगून टाकावं. असलं काही करू नका. असं बोलणाऱ्याला तुसडा म्हणतात, आणि मध्यस्थ पुन्हा दारात उभा राहत नाही. नकार आपण द्यायचा नसतो, तो ग्रहांकडून देववायचा असतो.

सोय तरी किती करून ठेवली आहे बघा. पत्रिका जुळवताना वर्णाचा 1 गुण, वश्याचे 2, असं चढत चढत नाडीचे 8, सगळे मिळून 36. बेरीज 18च्या खाली गेली की प्रश्नच मिटला. वर गेली तरी घाबरू नका. 27 नक्षत्रं 3 नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली आहेत, त्यामुळे ढोबळ हिशेबाने दर तिसऱ्या स्थळाशी एकनाड, म्हणजे दोघांची नाडी एकच असण्याचा दोष, निघतेच. नाहीच निघाली तर मंगळ आहे. पत्रिकेत तो 1, 4, 7, 8 आणि 12 या स्थानांत चालत नाही, म्हणजे बारापैकी 5 घरं आधीच तुमच्या बाजूची. इतक्या पळवाटा चांगल्या वकिलालाही सापडायच्या नाहीत. फक्त फोनवर आवाज थोडा पाडावा. 'आम्हाला तर मुलगी फार आवडली होती हो, पण पत्रिकेपुढे इलाज नाही.' पलीकडून 'बरोबर आहे, बरोबर आहे' असं येईल. त्या गृहस्थांनीही मागच्याच महिन्यात हेच वाक्य कुणाला तरी ऐकवलेलं असतं.

स्थळ मनात भरलं, म्हणजे मुलगी एकुलती आणि कोथरूडला फ्लॅट, तर मात्र हेच शास्त्र मायाळू होतं. मंगळ 'निर्दोष' ठरतो. नक्षत्र एकच निघालं तरी 'चरण वेगळे आहेत ना, मग दोष नाही' असं गुरुजीच सांगतात. नाही सांगितलं तर गुरुजी बदलावेत. घरात एक काका असतात, 'नाडी म्हणजे पूर्वीच्या लोकांचा ब्लड ग्रुपच' असं ठासून सांगणारे. नकार द्यायचा असेल तेव्हा त्यांना पुढे करावं, होकाराच्या दिवशी आइस्क्रीम आणायला पिटाळावं.

पत्रिका न बघणाऱ्या पुरोगामी कुटुंबांचे हाल मात्र मला बघवत नाहीत. त्यांच्याकडे आहेच काय? 'कळवतो' म्हणायचं आणि कळवायचं नाही, एवढंच.

आता अपेक्षांकडे वळू. सुरुवात 'आमच्या तशा काही अपेक्षा नाहीत' अशीच करावी, म्हणजे पुढची यादी कितीही लांबवता येते. मुलगी 'घरात मिसळून जाणारी' हवी, म्हणजे सणवार तिने करावेत. नोकरी करायची की नाही हे 'तिच्या इच्छेवर', पण पगार किती हे पोह्यांच्या आधी विचारून घ्यावं. देण्याघेण्याचा विषय निघाला तर दोन्ही हात जोडून म्हणावं, 'आमचं काही मागणं नाही, तुमच्या मुलीला जे घालायचं ते घाला.' हे वाक्य कुणी रचलं ठाऊक नाही, पण माणूस कायदा वाचलेला असणार. 1961च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात न मागता वधूला दिलेल्या भेटींना मोकळीक आहे, फक्त त्यांची यादी करावी लागते. यादी तुम्ही तोंडाने काढू नका. 'थोरल्या सुनेच्या माहेरच्यांनी हौसेने खूप केलं' एवढं सहज बोलून जावं. समोरच्या माणसाला हिशेब येतो.

एक अडचण आहे. अलीकडे मुलीकडचेही हे सगळं शिकलेत. 'ती सध्या करिअरवर फोकस करतेय' असा निरोप आला तर मुलाचा फोटो आणि पॅकेज पुन्हा एकदा तपासून घ्यावं. आणि 'आमच्या गुरुजींनी नाही सांगितलं' असं कानावर आलं, तर 'आम्ही बाई असलं काही मानत नाही, फार जुनाट माणसं निघाली' असं चारचौघांत जरूर सांगावं.

पुढे कधीतरी एखाद्या कार्यालयात, तुम्ही एकनाड म्हणून परत पाठवलेल्या मुलीची आई भेटेल. जावई बरोबर असेल, उंच असेल. 'योग असतात हो' म्हणून मोकळं व्हावं. मग ती गोड आवाजात 'तुमच्याकडे अजून बघताय का?' असं विचारणारच. तेव्हा 'आम्हाला कसली घाई?' म्हणायचं आणि वाढप्याला हाक मारून मठ्ठा मागायचा.