स्ट्रोकनंतर ‘काही लिहून देऊ नका’ म्हणणारा मेसेज कुठे चुकतो

कुटुंबांच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या या मेसेजचा सारांश असा: स्ट्रोक झालेल्या माणसाच्या पुढच्या उपचारांबद्दल काहीही लिहून ठेवू नका. सही झाली की डॉक्टर हात आखडता घेतात. बोलताच येत नाही त्याला विचारून काय उपयोग? घरच्यांना सगळं ठाऊक असतंच. अन्न देण्याची नळी नको म्हणणं म्हणजे उपाशी मारणं. आणि एकदा लिहिलं की ते कायमचं.

‘सही झाली की उपचार थांबतात’

माणूस स्वतः ठरवू शकतो आणि ते कळवू शकतो, तोवर त्याचं आजचं म्हणणंच चालतं. ‘सीपीआर नको’ या नोंदीचा अर्थही मर्यादित आहे: हृदय बंद पडलं तर छाती दाबून ते सुरू करायचा प्रयत्न करू नये, एवढाच. न्यूमोनियाची अँटिबायोटिक्स, रक्तदाबाची औषधं, फिजिओथेरपी यांच्याशी तिचा संबंध नाही. घोळ होतो तो घाईतल्या कुणी ती नोंद ‘फार काही करू नका’ अशी वाचली की. त्यामुळे काय नको याच्याआधी काय हवं ते लिहावं. उदाहरणार्थ: ‘पुन्हा स्ट्रोकची लक्षणं दिसली तर ताबडतोब रुग्णालयात न्या, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येत असेल तर द्या.’ हे इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचं नाव, मात्रा आणि घेण्याची वेळ त्याच पानावर असू द्या. डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात.

मेसेजमागची भीती मात्र निराधार नाही. मेंदूत रक्तस्राव झाल्यावर पहिल्याच दिवशी ‘आता आशा नाही’ असं ठरवलं तर उपचार कमी होतात, रुग्ण दगावतो आणि अंदाज बरोबर होता असं वाटतं. म्हणूनच रक्तस्रावी स्ट्रोकबद्दलच्या अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनच्या 2022 च्या सूचना सांगतात, की रुग्णाची आधीची लेखी इच्छा नसेल तर ‘सीपीआर नको’सारखे नवे निर्णय दाखल झाल्यानंतरच्या दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत तरी पुढे ढकलणं योग्य. पहिल्या रात्री अशा सहीची घाई कुणी करत असेल तर थांबा म्हणावं.

‘बोलता येत नाही, मग विचारायचं कशाला?’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. स्ट्रोक झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना वाचाघात होतो, म्हणजे बोलणं किंवा बोललेलं समजणं अवघड होतं. भाषा अडते, आवडनिवड आणि विचार शाबूत असू शकतात. फक्त विचारण्याची पद्धत बदलावी लागते. थकवा नसेल अशी वेळ निवडा, चष्मा आणि श्रवणयंत्र लावा, टीव्ही बंद करा. एका वेळी एकच छोटा प्रश्न, सोबत चित्र किंवा ठळक अक्षरांतला शब्द, आणि उत्तराला भरपूर वेळ. वाचाघातात मनात ‘नाही’ असताना तोंडून ‘हो’ निघू शकतं. त्यामुळे आधी उत्तर ठाऊक असलेले दोन-तीन प्रश्न विचारून हो-नाही भरवशाचं आहे का ते पाहा. मग मुख्य प्रश्न सरळ आणि उलटा, दोन्ही तऱ्हांनी विचारा: ‘नळी हवी?’ आणि थोड्या वेळाने ‘नळी नको?’ दुसऱ्या दिवशी पुन्हा. स्पीच थेरपिस्ट सोबत असेल तर उत्तमच. डाव्या बाजूचं भान गेलं असेल तर चित्रं एकाखाली एक, उजव्या बाजूला ठेवा. नाहीतर डावीकडचा पर्याय त्याला दिसलेलाच नसतो.

याच्या उलटही घडतं, आणि ते सहज निसटतं. मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक झालेला माणूस अस्खलित बोलतो, पण आपला हात लुळा पडलाय हेच त्याला उमगत नाही. म्हणजे बोलता येणं हा निर्णयक्षमतेचा पुरावा नाही, न येणं हा तिच्या अभावाचाही नाही. क्षमता प्रत्येक निर्णयापुरती तपासतात. पोटातल्या नळीचा गुंता न समजणारा माणूसही ‘माझ्या वतीने धाकटी बोलेल’ हे नेमकं सांगू शकतो.

‘घरच्यांना माहीत असतं’

2006 साली 16 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. रुग्णाला काय हवं असेल याचा जवळच्यांचा अंदाज 68 टक्के वेळा बरोबर निघाला. राहिलेल्या वेळी चुकला.

‘नळी नको म्हणजे उपाशी मारणं’

प्रश्न हो-नाहीचा करून टाकला की तो सुटत नाही. बऱ्याच जणांचं गिळणं पहिल्या काही आठवड्यांत सुधारतं, म्हणून नाकातली नळी ठरावीक मुदतीसाठी लावून पाहता येते. स्ट्रोकच्या रुग्णांवरच्या 2005 च्या ‘फूड’ चाचणीत पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नाकातल्या नळीऐवजी थेट पोटात नळी घालण्याने फायदा दिसला नाही. उलट कल वाईट निष्पत्तीकडे होता. कागदावर असं लिहिता येतं: ‘नाकातली नळी चार आठवडे चालेल. तोवर माणसं ओळखत नसेन, तर पोटात नळी घालण्याआधी थांबून पुन्हा चर्चा करा.’ आणखी एक: नळीने लाळ फुप्फुसात जाणं थांबत नाही, न्यूमोनियाचा धोका राहतोच. तो समजून उमजून पत्करून, ताठ बसवून चमच्याने चव देणं हाही एक मार्ग आहे.

‘एकदा लिहिलं की कायमचं’

अजिबात नाही. घरी सोडताना, तीन महिन्यांनी, नवा स्ट्रोक आल्यावर पुन्हा वाचा. स्ट्रोकनंतर सुमारे एक तृतीयांश लोकांना नैराश्य येतं. त्या काळात लिहिलेलं उपचारांनंतर तपासलंच पाहिजे. बदल केला की तारीख घाला, जुन्या प्रतींवर ‘रद्द’ लिहा आणि ज्याच्याकडे जुनी प्रत होती त्या प्रत्येकाला नवी द्या. नाहीतर आयसीयूत दोन मुलं दोन वेगळे कागद घेऊन पोचतात.