शाळा सुधारायचीय? आधी जुना बॅनर उतरवा

अभिनंदन साहेब! जिल्ह्यात रुजू झालात, शाळांचा कायापालट करायचाय, आणि बदली होईपर्यंत हाताशी जेमतेम दोन वर्षं आहेत. घाबरू नका, एवढ्यात भरपूर करता येतं. ही घ्या एका शिक्षकाच्या अनुभवाची शिदोरी.

आधीच्या साहेबांचा उपक्रम पहिल्याच बैठकीत गुंडाळा. चांगला चालला असेल तर जरा जास्तच घाईने.

मग नव्याला नाव शोधा. ‘प्रगत’, ‘सिद्धी’, ‘निपुण’, ‘सुंदर’ वापरून झालेत, उरलेल्यातून निवडा.

रंगकाम विसरू नका. पोरं स्वतः करून शिकतात असं सांगणाऱ्या ज्ञानरचनावादाची लाट आली तेव्हा अख्खं राज्य गाड्या करकरून साताऱ्यातलं कुमठे बीट (म्हणजे तिथल्या शाळांचा गट) बघून आलं. तिथल्या शिक्षकांनी पोरांसोबत खाली बसून जे उभं केलं होतं, त्यातली फरशीवरची रेखाटनं तेवढी आपण उचलून आणली. पुढे मॉडेल शाळा करताना त्यावर चकचकीत टाइल्स बसवल्या. त्याला लोकसहभाग म्हणायचं. वर्गणी गावाची, फ्लेक्सवर फोटो आपला.

प्रशिक्षणाला द्विशिक्षकी शाळेतल्या दोघांनाही एकाच दिवशी बोलवा. पोरं काय, सांभाळतील एकमेकांना.

आणि माहिती मागवा. भरपूर मागवा. केंद्राच्या यू-डायस पोर्टलवर पट (पोरांची संख्या) आहे, राज्याच्या सरलवर आहे, तरी तोच पट नव्या एक्सेलमध्ये हवाच. परवा चौथीत हातच्याची वजाबाकी घेत होतो, 403 वजा 178. कायम त्या मधल्या शून्यापाशी अडणारी एक पोरगी फळ्यापाशी येऊन म्हणाली, “गुरुजी, दशकाकडं काहीच नाही, मग आधी शतकाकडं मागायचं ना?” अन् तेवढ्यात ग्रुपवर टिंग. ‘अतितात्काळ. वृक्षारोपणाचे फोटो दुपारी 12 पर्यंत लिंकवर भरणे. माहिती निरंक असली तरी भरावी. न भरणाऱ्यांची नावे वरिष्ठांना कळवली जातील.’ प्रत्येक पोराचा रोपासोबत वेगळा फोटो! शाळेत रेंज नाही, ती पाण्याच्या टाकीपाशी येते. सोबतचे गुरुजी बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामाला. म्हणजे दोन्ही वर्ग वाऱ्यावर सोडून मी टाकीखाली मोबाइल वर धरून उभा. फोटोची साइज जास्त. लहान केला, तर लिंक बंद. मग मुदतवाढ. आणि संध्याकाळी काय? ‘आधीची लिंक रद्द समजावी, नवीन लिंकवर पुन्हा माहिती भरावी.’ अहो, उघडून तरी बघितलं का कुणी ते? रोप जगलं का, हा रकानाही नव्हता त्यात! दुसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा शून्यापाशी अडलेली.

मंत्रालयातून सुधारणा करायची संधी मिळाली तर सोन्याहून पिवळं. पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पानं 2023-24 मध्ये घाला, जानेवारी 2025 मध्ये काढा. गणवेशाचं काम शाळा व्यवस्थापन समितीकडून काढून घ्या, पोरं निम्मं वर्ष वाट बघतील, मग डिसेंबर 2024 मध्ये समितीलाच परत द्या. पहिलीपासून हिंदीचा निर्णय एप्रिल 2025 मध्ये काढा, जूनअखेर मागे घ्या. काम कसं झपाट्याने चाललंय असं दिसलं पाहिजे!

पुरे झालं. आता सरळच सांगतो.

2015 चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम काय सांगत होता? प्रत्येक पोराला वाचता यावं, गणित यावं. 2021 चं केंद्राचं ‘निपुण’ अभियान काय सांगतं? तिसरीपर्यंत तेच. मग तेच काम सलग का करू दिलं नाहीत? दर वेळी नवे तक्ते, कोणतं पोर कुठल्या पातळीवर याची नवी स्तरनिश्चिती, आणि आधीच्या नोंदी रद्दीत. कोणतं पोर कुठे अडत होतं ते त्या वह्यांत लिहिलं होतं, आम्ही हाताने लिहिलं होतं. एकाही साहेबाने मागितल्या नाहीत. फोटो मात्र सगळ्यांनी मागितले. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये लिहिलंय. तुम्हीही वाचलं असेलच. मग लाज कशी वाटत नाही?

रिकाम्या जागा भरा. शाळेच्या वेळात लिंका पाठवणं बंद करा. नवं काढण्याआधी एखाद्या शाळेत खाली बसून पोरांना वाचायला लावा, जुन्याचं काय झालं ते तासाभरात कळेल. आणि येताना फोटोवाला आणू नका.